उघडी खाण बंद करताना: कामांचा क्रम, मापे आणि नेहमी होणाऱ्या चुका

उत्खनन संपते, ढिगारे सारखे केले जातात, रोपे लावली जातात आणि दोन उन्हाळ्यांत त्यातली बरीचशी जळून जातात. मग पुन्हा रोपेच आणली जातात. जळालेल्या रोपाशेजारी एक मीटर खोल खड्डा घेऊन बघितला, तर कारण बहुधा तिथेच सापडते: डंपरच्या चाकांखाली दगडासारखा घट्ट झालेला थर, सामू (pH) ३ च्या आसपास असलेला गंधकयुक्त शेल (पातळ थरांचा चिकणमातीचा खडक), किंवा निचरा नसल्याने सडलेली मुळे. यातली प्रत्येक चूक रोपे येण्याच्या कितीतरी आधी झालेली असते. म्हणून या लेखात लागवडीला थोडी जागा आहे आणि तिच्या आधीच्या कामांना जास्त.

शक्य तेवढी कामे खाण चालू असतानाच करायची आहेत. डोझर, डंपर, एक्स्कॅव्हेटर जागेवर असताना ढिगारा योग्य जागी टाकायला वेगळा खर्च येत नाही. ताफा निघून गेल्यावर तोच ढिगारा उचलून दुसरीकडे नेणे बहुतेक अंदाजपत्रकांना परवडत नाही.

## टप्पा १: जमिनीचा पुढचा वापर ठरवा, मग घनमीटर जुळवा

उतार किती ठेवायचा, माती किती जाड पसरायची, पाणी कुठून काढायचे, हे सगळे पुढच्या वापरावर ठरते. यंत्राने पेरणी आणि कापणी करायची असेल तर उतार १:४ पेक्षा (उभे १, आडवे ४) तीव्र नको. कुरण किंवा झाडोरा असेल तर १:३ पर्यंत चालतो. झाडांसाठी मुळे शिरतील असा सैल थर किमान १.२ मीटर लागतो. गवताचे त्याहून कमी खोलीवर भागते.

यानंतर मालाचा हिशेब. फोडलेला खडक फुगतो, साधारण २५ ते ४० टक्के. ४० मीटर ओव्हरबर्डन (कोळशावरची माती आणि खडक) काढून खालचा १० मीटर कोळसा उचलला आणि फुगवटा २५ टक्के धरला, तर ४० चे ५० होतात आणि खड्डा जवळजवळ मूळ पातळीपर्यंत भरतो. दगडखाणीत किंवा जाड खनिजसाठ्यात मात्र टाकाऊ माल थोडा असतो. तिथे खड्डा भरणार नाही हे पहिल्या दिवशीच मान्य करावे आणि आराखडा उरणाऱ्या खड्ड्याभोवती रचावा. ‘नंतर बघू’ म्हणून सोडलेला खड्डा नंतर फक्त पाण्याने भरतो.

तपासा: नकाशावर सध्याची पातळी, अंतिम पातळी आणि दोन्हींतला भराव-कटाईचा फरक घनमीटरमध्ये आहे का? तो नसेल तर पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

## टप्पा २: खडक आणि माती तपासा

नमुने शोधभोकांच्या (खनिज शोधताना पाडलेल्या भोकांच्या) गाभ्यातून, प्रत्येक खडकथराचे वेगळे घ्यावेत. ढिगाऱ्याच्या पृष्ठभागावरून पाच पिशव्या भरून आणणे ही सर्वांत जास्त आढळणारी पळवाट. पावसाने धुतलेला वरचा पापुद्रा आतल्या मालाबद्दल काहीच सांगत नाही.

पहिली तपासणी आम्लतेची. पायराइटला (लोह आणि गंधकाच्या खनिजाला) हवा आणि पाणी मिळाले की गंधकाम्ल तयार होते, आणि सामू ४ च्या खाली गेला की लोह खाणारे जिवाणू ही क्रिया कितीतरी वेगाने पुढे नेतात. म्हणून आजचा सामू पाहून निश्चिंत होऊ नये. ताजा फोडलेला शेल आज ७ दाखवेल आणि दोन पावसाळ्यांत ३ वर येईल. आम्ल-अल्क हिशेबच करावा लागतो: खडकात पायराइटमधला गंधक १ टक्का असेल, तर दर टनाला ३१.२५ किलो कॅल्शियम कार्बोनेट खर्ची पडते.

एक उदाहरण. गंधक ०.८ टक्के आणि खडकात स्वतःचा चुना जवळजवळ शून्य. म्हणजे टनाला २५ किलो. एक हेक्टरचा वरचा १५ सेंमी थर १,५०० घनमीटर होतो. घनता १.५ धरली तर २,२५० टन. लागणारा चुनखडीचा भुगा ५६ टन, आणि त्याची शुद्धता ८० टक्के असेल तर ७० टन. हे सगळे फक्त १५ सेंमीसाठी. हा आकडा कागदावर आला, की असा माल पृष्ठभागाजवळ न आणणेच स्वस्त आहे हे कुणालाही वेगळे पटवावे लागत नाही.

दुसरी तपासणी चोपणपणाची. मातीचे सुपारीएवढे कोरडे ढेकूळ ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा, हलवू नका. नुसते ढासळले तर ठीक. भोवती दुधट ढग पसरला तर त्या मातीत सोडियम जास्त आहे. अशी माती पावसात विरघळल्यासारखी वाहते आणि आतून बोगदे पडून वरचा उतार कोसळतो. नळाचे पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांमुळे ढग दबतो आणि वाईट माती चांगली ठरते.

सावधान: तपासणीनंतर प्रत्येक थराला वर्ग द्या (वर चालेल, मध्ये चालेल, पुरायचाच) आणि तो वर्ग डंपरचालकाच्या पाळीच्या कागदावर पोहोचवा. प्रयोगशाळेचा अहवाल कार्यालयातल्या कपाटात राहिला तर माल जवळच्या ढिगावर पडतो.

## टप्पा ३: वरची माती वेगळी काढा

झाडोरा काढल्यावर वरची १५ ते ३० सेंमी माती स्वतंत्र उचला. तिच्याखालचा मुळे शिरू शकणारा थर दुसऱ्या ढिगात घाला. दोन्ही एकत्र केले की सुपीक माती खालच्या मालात विरून जाते. गवताचे आणि रानझाडांचे बहुतेक बी वरच्या ५ ते १० सेंमीत असते, म्हणून स्थानिक वनस्पती परत हव्या असतील तर तेवढाच पातळ थर आधी वेगळा उचलणे फायद्याचे ठरते.

माती उचलायची ती वाफसा असताना किंवा कोरडी. मुठीत दाबून गोळा होतो आणि बोटाने ढकलल्यावर फुटतो, तर काम चालू ठेवा. गोळ्याची वळी वळता आली तर यंत्रे थांबवा. ओल्या मातीची रचना एकदा चाकाखाली मोडली की पुढची काही वर्षे ती चिबडच राहते.

सर्वांत उत्तम म्हणजे माती साठवायचीच नाही: आज एका बाजूला काढलेली आजच दुसऱ्या तयार भागावर पसरायची. साठवणे टळत नसेल तर ढीग २ मीटरपेक्षा उंच नको, त्यावरून वाहन नको, आणि लगेच शेंगवर्गीय वनस्पती व गवत पेरून ठेवा. उंच ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही. बी, गांडुळे आणि मुळांसोबत जगणाऱ्या बुरशा तिथे मरतात. ढिगावर फलक लावा, नाहीतर रस्त्यात खड्डा पडला की कुणीतरी नेमकी तीच माती भरते.

तपासा: १० सेंमी जाडीसाठी हेक्टरी १,००० घनमीटर माती लागते. त्यात दहावा हिस्सा वाया जाईल असे धरून साठा मोजा. कमी पडत असेल तर सगळीकडे ५ सेंमी शिंपडण्यापेक्षा महत्त्वाच्या भागांवर पुरेशी द्या आणि उरलेल्या भागासाठी टप्पा २ मधला ‘वर चालेल’ माल राखून ठेवा.

## टप्पा ४: भराव टाकण्याचा क्रम

आम्लजनक मालाला दोनच जागा मानवतात: कायम पाण्याखाली, किंवा कायम कोरड्यात. पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, म्हणून पाण्याखाली गाडलेला पायराइट जवळजवळ झोपून राहतो. घातक जागा या दोहोंमधली. ज्या पट्ट्यात भूजल पावसाळ्यात चढते आणि उन्हाळ्यात उतरते, तिथे माल आलटूनपालटून भिजतो, वाळतो आणि दरवर्षी आम्लाची नवी खेप खाली धुतली जाते. खाणीत सध्या उपसा चालू असल्याने दिसणारी पाण्याची पातळी खोटी असते. उपसा थांबल्यावर ती कुठे येऊन थांबेल हे भूजलतज्ज्ञाकडून काढून घ्या आणि त्यावरूनच जागा ठरवा.

कोरड्यात पुरायचा असेल तर माल खड्ड्याच्या उभ्या भिंतीपासून दूर ठेवा, कारण भिंतीतून पाझर येतो. वर चिकणमातीचे १५ ते २० सेंमीचे थर योग्य ओलाव्यात दाबून टोपण करा आणि ते लगेच सैल मालाने झाका. उघडे राहिलेले टोपण वाळून तडकते आणि प्रत्येक भेगेतून पाणी आत जाते. टोपणावर खोल मुळांची झाडे लावायची असतील तर मधला सैल थर तेवढा जाड हवा.

भराव खचतो. उंचावरून नुसता ओतलेला माल पहिल्यांदा पूर्ण भिजला की एकदम बसतो, पुढे काही वर्षे हळूहळू. म्हणून अंतिम पृष्ठभाग सपाट न ठेवता किंचित कासवपाठी ठेवा, नाहीतर मध्ये बशी तयार होऊन डबके साचते आणि ते पाणी थेट पोटात मुरते. त्याच कारणाने काँक्रीटची गटारे, पाइपलाइन आणि बांधकामे ताज्या भरावावरून नेऊ नयेत. जुनी जमीन आणि भराव यांच्या सांध्यावर बहुतेक ठिकाणी तडा जातोच.

## टप्पा ५: ढिगाऱ्याचा उतार मोडा

डंपरने मागे ओतलेला ढीग ३५ ते ३७ अंशांत उभा राहतो. हा मालाचा स्वतःचा कोन आहे. त्याच्यावर ना माती टिकते ना बी. तो १:३ वर, म्हणजे सुमारे १८ अंशांवर आणायचा असतो, आणि यात पायथ्याला लागणारी जागा हमखास विसरली जाते.

३० मीटर उंच, ३७ अंशांच्या ढिगाचा उतार आडवा ४० मीटर जागा घेतो. १:३ केल्यावर त्याला ९० मीटर लागतात. वरचे कापून खाली भरले तर माथा २५ मीटर मागे जातो आणि पायथा २५ मीटर पुढे. त्या २५ मीटरांत आधीच गटार, कुंपण किंवा शेजाऱ्याची हद्द असेल तर काम तिथेच अडते. माथ्याच्या दर धावत्या मीटरला कटाई सुमारे १८७ घनमीटर येते. या आकड्यावरून डोझरचे तास काढता येतात.

उताराचा आकार सरळ रेषेपेक्षा किंचित अंतर्वक्र ठेवा, वर तीव्र आणि पायथ्याकडे सपाट. पाणी खाली जाताना वाढत जाते, त्यामुळे खालचा भाग सौम्य असला की ओघळ कमी पडतात. लांब उतार पायऱ्यांनी तोडायचा असेल तर पायरी किमान ५ मीटर रुंद, आतल्या बाजूला कललेली आणि लांबीत ०.५ ते १ टक्का उताराची हवी. पायरीत एक जरी खोलगट जागा राहिली तर पाणी तिथे साचते, काठ ओलांडते आणि खालच्या सगळ्या पायऱ्या एका घळीत कापत जाते. पायऱ्यांची लेव्हल नीट घेणारा माणूस नसेल, तर चुकीच्या पायऱ्यांपेक्षा पायऱ्या नसलेला सौम्य उतार बरा.

तपासा: पहिला जोराचा पाऊस पडत असताना किंवा तो थांबताच उतारावर फिरा. पाणी कुठून जाते हे नकाशावरून तितके कधीच कळत नाही.

## टप्पा ६: पाण्याची वाट

पाण्याची कामे माती पसरण्याच्या आधी पूर्ण व्हायला हवीत. क्रम असा:

1. पायथ्याला गाळतळे. उतार उघडा असताना येणारा सगळा गाळ इथे अडतो.
2. माथ्याच्या वर वळणचर, म्हणजे बाहेरचे पाणी उतारावर येणारच नाही.
3. उतारावरून पाणी खाली आणणारे दगडी उतारमार्ग.
4. शेवटी पायऱ्यांचे आणि समतल चर या मार्गांना जोडणे.

कायमस्वरूपी चर आणि सांडवे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाच्या हिशेबाने काढणे रास्त, कारण खाण बंद झाल्यावर तिथे दुरुस्तीला कुणी नसते.

दगडी उतारमार्गातल्या दोन चुका वारंवार दिसतात. पहिली: दगड जमिनीवर रचलेले असतात. पाण्याला दगडांच्या शेजारची मऊ माती सोपी वाटते आणि तिथे नवा ओढा पडतो. मार्ग आधी खोदा. दगड भरून झाल्यावरही त्याची मधली पातळी दोन्ही काठांपेक्षा स्पष्ट खाली दिसली पाहिजे. दुसरी: दगडांखाली गाळणथर नसतो. बारीक खडीचा थर किंवा जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे कापड) नसेल तर माती दगडांच्या फटींतून निघून जाते आणि मार्ग आतून बसतो. दगड टोकदार आणि लहानमोठे मिसळलेले घ्या. गोल गोटे गडगडतात.

गाळतळे सर्वांत शेवटी हटवा, उतारावर झाडोरा धरल्यानंतर.

## टप्पा ७: उरलेला खड्डा आणि उभा कडा

भरता न येणाऱ्या खड्ड्याचा कडा आधी सुरक्षित करा: लोंबते दगड पाडा, शक्य तिथे कड्याच्या पायथ्याशी माल टेकवा. माथ्यापासून मागे, कडा ढासळू शकेल त्या रेषेच्या बाहेर, गाडी ओलांडणार नाही असा मातीचा बांध घाला. तारेचे कुंपण चोरीला जाते, बांध जात नाही.

खड्ड्यात तळे होणार असेल तर पाण्याच्या अंतिम पातळीच्या वर आणि खाली काही मीटर काठ अगदी सौम्य करा, म्हणजे आत पडलेले जनावर किंवा माणूस बाहेर येऊ शकेल. हे काम पाणी चढण्याआधीच होते. डंपरचा एक जुना रस्ता पाण्यापर्यंत चालत जाता येईल असा राखून ठेवा. पुढे नमुने घ्यायलाही तो लागतो.

## टप्पा ८: बांधकामे आणि साठे हटवा

स्फोटकांचे कोठार आधी रिकामे, परवानगीनिशी. मग इंधनटाक्या, कार्यशाळेतली तेल मुरलेली माती, जुने ट्रान्सफॉर्मर, बॅटऱ्या. पायाचे काँक्रीट निदान एक मीटर खोलीपर्यंत फोडा किंवा त्यावर तेवढा भराव येईल हे पाहा, आणि अखंड फरशीला पाणी निघून जायला भोके पाडा. शोधभोके सिमेंट किंवा बेंटोनाइटने (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीने) तळापासून वरपर्यंत भरा. तोंडाशी दगड घालून वर माती टाकणे म्हणजे भोक बुजवणे नव्हे.

## टप्पा ९: घट्ट थर फोडा, माती पसरा

जिथून डंपर फिरले ती जमीन घट्ट झाली आहे असेच धरून चाला. चिकण मालाची घनता १.६ च्या वर गेली की मुळे अडतात. वाळूसर मालात ही मर्यादा साधारण १.८ असते.

डोझरच्या रिपरने (मागच्या लोखंडी फाळाने) समतल रेषेवर ५० ते १०० सेंमी खोल फाडा. दोन रेषांतले अंतर खोलीएवढेच ठेवा, नाहीतर मध्ये न फुटलेली भिंत राहते. माल कोरडा असतानाच फाडायचा. कोरडा थर फुटतो आणि ओला नुसता चिरला जातो, चिरेच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि मुळे त्या चिरेतच फिरत राहतात. १:३ पेक्षा तीव्र उतारावर समतल रेषेवर यंत्र चालवणे धोक्याचे आहे. तिथे डोझर सरळ वरखाली चालवा, म्हणजे साखळीच्या पट्ट्यांचे ठसे आडवे उमटतात आणि पाणी व बी धरतात.

माती पसरताना डंपरने कडेवरून ढीग टाकत मागे सरकावे आणि हलक्या डोझरने एकाच फेरीत ते ढकलावेत. दुसरी फेरी टाळा. पृष्ठभाग खडबडीत दिसला तर तो बरोबर आहे. ग्रेडरने गुळगुळीत केलेली जमीन फोटोत छान येते, मात्र पहिल्या पावसात तिच्यावरून सगळे पाणी वाहून जाते. माती पसरल्यावर एक उथळ फाडणी करून ती खालच्या मालात गुंतवा, म्हणजे दोन थरांमध्ये घसरण्याजोगी सांध राहत नाही.

तपासा: १० मिमी जाडीची लोखंडी सळई हातानेच जोर लावून खुपसा. दहा जागी बघा. ५० सेंमी जात नसेल तर पुन्हा फाडणी. रोपे आल्यावर ही दुरुस्ती करता येत नाही.

## टप्पा १०: सुधारके, बी आणि रोपे

चुनखडी टप्पा २ च्या हिशेबाने, बारीक दळलेली, मालात मिसळून द्या. वर भुरभुरलेली चुनखडी खाली सरकत नाही. चोपण मातीला जिप्सम. ताज्या मालात नत्र नसल्यातच जमा असतो, त्यामुळे शेंगवर्गीय वनस्पती आणि त्यांच्या बियांना योग्य रायझोबियमची (हवेतला नत्र धरणाऱ्या जिवाणूंची) प्रक्रिया गरजेची आहे. लाकडाचा भुसा एकटा टाकू नका. तो कुजताना आहे तोही नत्र जिवाणू ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात.

बी पसरण्याची वेळ पावसाच्या सुरुवातीची, पृष्ठभागावर पापुद्रा धरण्याआधी. बियाच्या जाडीच्या दोन-तीन पटींहून खोल पेरू नका. कठीण कवचाच्या बियांना गरम पाण्याची प्रक्रिया द्या. दगडी उतारावर हेक्टरी २ ते ४ टन पेंढ्याचे आच्छादन करा.

झाडे हवी असतील तर गवत जपून पेरा. लवकर हिरवे दिसावे म्हणून दाट गवत आणि भरपूर नत्रयुक्त खत दिले, की पहिल्याच वर्षी गवत रोपांचे पाणी पिऊन टाकते. विरळ, बुटक्या जाती निवडा, रोपाभोवती एक मीटरचे आळे तणमुक्त ठेवा. रोप फाडणीच्या रेषेवर लावा, मुळे खड्ड्यात वाकडी दुमडू देऊ नका आणि चराई पूर्ण बंद ठेवा.

## टप्पा ११: देखरेख आणि हस्तांतर

निदान पाच वर्षे धरा, आम्लाचा धोका असेल तर त्याहून बरीच जास्त. पाझराच्या पाण्यात नुसता सामू मोजणे अपुरे आहे. खडकातला चुना शिल्लक असेपर्यंत सामू ७ च्या आसपास राहतो, पण सल्फेट आधीच चढू लागलेले असते. सल्फेट आणि विद्युत वाहकता सलग काही फेऱ्यांत वाढताना दिसली तर चुना संपण्याची वाट न पाहता पाणी कुठून शिरते ते शोधा. बहुधा तडकलेले टोपण किंवा तुंबलेला वळणचर सापडतो.

ओघळ १५ सेंमीपेक्षा खोल गेला की दुरुस्त करा, आणि भरण्याआधी त्याच्या माथ्याशी पाणी का जमले ते बघा. नांगे (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरण्यापूर्वी त्या पट्ट्यात खड्डा घेऊन घट्टपणा आणि सामू तपासा. मृत रोपे विखुरलेली असतील तर दोष लागवडीचा असू शकतो. ती एकाच पट्टीत असतील तर खाली जुना डंपरचा रस्ता किंवा चुकीचा माल निघतो.

जमीन सोपवताना पुढच्या मालकाला अंतिम पातळ्यांचा नकाशा, पुरलेल्या आम्लजनक मालाच्या सीमा व खोली, टोपणाची जाडी, बुजवलेल्या भोकांच्या जागा आणि पाण्याच्या सगळ्या नोंदी द्या. पुरलेल्या मालाच्या वर विहीर, शेततळे किंवा पाया खोदू नये, ही अट जमिनीच्या कागदपत्रांतच नोंदवून घ्या. निरीक्षण विहिरी शेवटचा नमुना घेतल्यानंतरच बुजवा.